ताणली जाणारी मेमरी: गुडघ्यावरच्या पट्टीने नेमकं किती लक्षात ठेवायचं?

झुवारीपार

नमस्कार मंडळी. मी गोव्यातच मटेरियल सायन्समध्ये संशोधन करते. काम ताणता येणाऱ्या मेमरीवर आहे. त्वचेवर चिकटवायच्या पट्ट्या, कृत्रिम हाताची कातडी, मऊ रोबो अशा गोष्टींसाठी ताणता येणारे सेन्सर आले, तारा आल्या, बॅटऱ्यांवरही बरंच काम झालं. मेमरी मात्र मागे राहिली. ती का मागे राहिली ते मराठीत मांडावं असं बरेच दिवस मनात होतं. शिवाय इथे इलेक्ट्रॉनिक्सपासून बागायतीपर्यंत सगळ्या क्षेत्रांतली माणसं आहेत, त्यांना एक प्रश्नही विचारायचा आहे.

आधी वाकणं आणि ताणणं यांतला फरक. सिलिकॉनची २० मायक्रॉन जाडीची चकती ५ मिलिमीटर त्रिज्येत वाकवली, तर तिच्या पृष्ठभागावर जेमतेम ०.२ टक्के ताण येतो. सिलिकॉन साधारण १ टक्क्याच्या आसपास तडकतं, म्हणून पातळ केलं की वाकणं निभावून जातं. पण कोपर-गुडघ्यावरची त्वचा रोजच्या हालचालीत ३० टक्क्यांपर्यंत ताणली जाते. तिथे कितीही पातळ केलं तरी उपयोग नाही.

यावर दोन वाटा निघाल्या. पहिली आकाराची. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात जॉन रॉजर्स यांच्या गटाने २००६ मध्ये आधीच ताणून धरलेल्या रबरावर सिलिकॉनच्या पातळ फिती चिकटवल्या आणि रबर सोडून दिलं. फितींना लाटा आल्या. आता रबर ताणलं की लाटा सपाट होतात, सिलिकॉन स्वतः ताणलं जातच नाही. पुढे नागमोडी तारा आणि त्यांच्यामध्ये चिप बसवायची कडक बेटं, अशी रचना रूढ झाली. २०१४ मध्ये सोलच्या राष्ट्रीय विद्यापीठात देह्योंग किम यांच्या गटाने या वाटेने एक पट्टी केली. हालचालीच्या आजारांच्या रुग्णांसाठी, एकाच पट्टीत ताण मोजणारा सेन्सर, मेमरी, हीटर आणि औषध भरलेले नॅनोकण. मेमरी टायटॅनियम डायऑक्साइडच्या पातळ पडद्याची होती, त्यात सोन्याचे नॅनोकण. मला आजही ते काम महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात मेमरीला नेमकं काम होतं: थरथरीची नोंद ठेवायची आणि त्या नोंदीवरून औषध सोडायचं.

दुसरी वाट म्हणजे पदार्थच ताणता येणारा घ्यायचा. इथे खरी अडचण येते. पेन ड्राइव्हमधली फ्लॅश मेमरी इलेक्ट्रॉन कोंडून ठेवते, सुमारे ७ ते १० नॅनोमीटर जाडीच्या ऑक्साइडच्या थरामागे. त्याऐवजी रबरासारखा विद्युतरोधक वापरला असं समजा. रबराचं आकारमान ताणल्यावर बदलत नाही, म्हणून एका दिशेने ३० टक्के ताणलं की जाडी १२ टक्क्यांनी घटते. दोन्ही दिशांनी ताणलं तर ४१ टक्क्यांनी! आणि पातळ थरातून इलेक्ट्रॉन निसटण्याचं प्रमाण जाडीच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, ते घातांकाने वाढतं. सेन्सरचा आकडा ताणामुळे चुकला तर नंतर दुरुस्त करता येतो. मेमरीतून निसटलेला बिट परत येत नाही.

म्हणून बरेच गट रोधावर चालणाऱ्या मेमरीकडे वळले. लिऑन चुआ यांनी १९७१ मध्ये कागदावर मांडलेला मेमरिस्टर २००८ मध्ये एचपीच्या प्रयोगशाळेने टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये दाखवला, तेव्हापासून याला वेग आला. दोन इलेक्ट्रोड, मध्ये एक थर. व्होल्टेज दिलं की थरातून वाहक धागा तयार होतो आणि रोध उतरतो. बऱ्याच प्रकारांत उलट व्होल्टेज दिलं की धागा तुटतो, रोध चढतो. हा चढउतार म्हणजेच ० आणि १. विद्युतभार कोंडायचा नसल्यामुळे निसटण्याची भीती कमी. पण तो धागाही काही नॅनोमीटरचाच असतो, आणि आपण त्याला दिवसभर ओढणार.

तिसराही एक विचार आहे आणि तो मला फार आवडतो: तुटण्यासारखं काही ठेवायचंच नाही. गॅलियम आणि इंडियम यांचं ७५.५ : २४.५ वजनाचं मिश्रण सुमारे १५.५ अंश सेल्सियसला वितळतं, म्हणजे गोव्यात ते बाराही महिने द्रव. हवेत आलं की त्याच्यावर दुधावरच्या सायीसारखा ऑक्साइडचा पातळ थर धरतो. २०११ मध्ये नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठातल्या मायकेल डिकी आणि ऑर्लिन वेलेव्ह यांच्या गटाने हा द्रव धातू आणि अगारोजची जेली एकत्र करून मेमरिस्टरसारखं वागणारं मऊ उपकरण केलं. (अगारोज म्हणजे आपल्या चायना ग्रासमधलाच मुख्य घटक, शुद्ध केलेला.) २०२३ मध्ये बीजिंगच्या चिंग्ह्वा विद्यापीठाच्या जिंग लिऊ यांच्या गटाने गॅलियमच्या द्रव धातूची ‘फ्लेक्सरॅम’ दाखवली. धातूचं ऑक्सिडेशन झालं की रोध जास्त, ते उलटवलं की रोध कमी. एकूण ६४ बिट, म्हणजे ८ बाइट. माहिती ४३,२०० सेकंद टिकली, म्हणजे १२ तास. आणि ३,५०० हून अधिक वेळा लिहून-पुसून झालं.

आता प्रश्न. ८ बाइट ऐकून माझ्या ओळखीची माणसं निराश होतात. मला वाटतं आपण उलटीकडून विचार करायला हवा. पट्टीने नेमकं काय लक्षात ठेवायचं आहे? किती बाइट, किती दिवस, किती वेळा पुसून? तुमच्या कामातलं उदाहरण सांगा.

मांडवी_फेरी

छान धागा. बाळबोध शंका: सगळं ब्लूटूथने फोनवर पाठवता येत असताना पट्टीत मेमरी हवीच कशाला?

झुवारीपार

@मांडवी_फेरी, शंका रास्त आहे. पट्टीत सर्वांत जास्त वीज बहुधा रेडिओच (बिनतारी संदेश पाठवणारा भाग) खातो, आणि शरीरातलं पाणी ब्लूटूथच्या लहरी शोषून घेतं. फोन दुसऱ्या खोलीत राहिला, सत्तरी तालुक्याच्या आतल्या गावात चार्जिंग संपलं, की तेवढ्या तासांची नोंद गेली. दंडावर लावायचा, साखर मोजणारा पहिल्या पिढीचा फ्रीस्टाइल लिब्रे सेन्सर घ्या. १४ दिवस त्वचेवर राहतो आणि दर १५ मिनिटांची एक याप्रमाणे ८ तासांच्या नोंदी स्वतःजवळ ठेवतो. म्हणजे ३२ नोंदी. प्रत्येकीला २ बाइट धरले तर ६४ बाइट झाले! एवढ्याशा मेमरीच्या जोरावर माणसाला फोन बाजूला ठेवून शांत झोपता येतं.

उलट टोक हृदयाच्या आलेखाचं. सेकंदाला २५० नमुने, प्रत्येक १२ बिटांचा, तर दिवसाला सुमारे ३२ मेगाबाइट. पण फक्त दोन ठोक्यांमधलं अंतर साठवलं तर तोच दिवस २०० किलोबाइटमध्ये मावतो. काय विसरायचं हे ठरवलं की गरज किती उतरते बघा.

फर्मागुडीचा_चढ

अतिशय उत्तम मांडणी. अनेक वर्षं डिप्लोमाच्या मुलांना डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं, त्यामुळे एका मुद्द्यावर जरा सविस्तर लिहितो.

तार ताणली की लांब होते आणि बारीकही होते. आकारमान तेवढंच राहिलं तर रोध लांबीच्या वर्गाने वाढतो. ३० टक्के ताणलेल्या तारेचा रोध १.६९ पट. आता मेमरीच्या ० आणि १ मध्ये रोधाचं अंतर हजार पट असेल, तर वाचणाऱ्या सर्किटला हे १.६९ जाणवणारही नाही. ते बिनचूक वाचेल.

पण हल्ली मेमरिस्टरचा गवगवा आहे तो मेमरीच्या एका पेशीत, म्हणजे माहिती साठवायच्या एका घटकात, अनेक पातळ्या ठेवण्यासाठी. बंगळुरूच्या आयआयएससीत श्रीतोष गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये रेणूंच्या थरात १६,५०० वेगवेगळ्या अवस्था दाखवल्या. भारतातलं इतकं मोठं काम, ऊर भरून येतो. मात्र ते ताणण्यासाठी केलेलं नाही, आणि तशा बारीक पातळ्या गुडघ्यावर नेल्या तर शेजारच्या दोन पातळ्यांमधलं अंतर १.६९ च्या आत हरवून जाईल. पट्टी ताणली गेली की माहिती बदलली, हे वाचणाऱ्याला कळणारच नाही. म्हणून माझं स्पष्ट मत असं: ताणणाऱ्या मेमरीने सध्या दोनच पातळ्या ठेवाव्यात आणि त्यांच्यातलं अंतर शक्य तेवढं मोठं ठेवावं. पेशीत मेंदूची नक्कल करण्याचे प्रयोग कडक काचेवर चालू द्यावेत.

वेर्णा_शिफ्ट

सरांशी सहमत. पण धाग्याच्या मूळ कल्पनेला माझा आक्षेप आहे, तो मांडतो.

मी वेर्ण्याला सर्किट बोर्डांच्या गुणवत्ता तपासणीत आहे. दोन-तीन मिलिमीटरच्या सिलिकॉनच्या तुकड्यात आज मेगाबाइटच्या मेगाबाइट मावतात, दहा वर्षं टिकतात आणि स्वस्तात मिळतात. एवढा तुकडा कडक असला तर त्वचेला काय फरक पडतो? तो एका बेटावर बसवा, तारा नागमोडी करा, प्रश्न मिटला. ज्या गोष्टीसाठी तयार, कसून तपासलेला माल बाजारात आहे तिथे ८ बाइटांवर एवढा खर्च का करावा, हे मला अजून पटलेलं नाही.

झुवारीपार

@वेर्णा_शिफ्ट, तुमचा आक्षेप या क्षेत्रातला सर्वांत वजनदार आक्षेप आहे. छातीवर किंवा दंडावर बेटंच जिंकतात, यात वाद नाही.

पण बेटाची कड बघा. सिलिकॉनचा ताठरपणा १३० ते १९० गिगापास्कल, पीडीएमएस या सिलिकोन रबराचा १ ते ३ मेगापास्कल. म्हणजे जवळपास लाखपट फरक. पट्टी ताणली की बेट हलत नाही, सगळा ताण कडेच्या काही दशांश मिलिमीटरमध्ये गोळा होतो, आणि तिथेच तार तुटते किंवा रबर सुटतं. पट्टीवर बेटं जितकी जास्त तितका मधल्या रबराला जास्त ताण सोसावा लागतो: निम्मी जागा बेटांनी व्यापली तर एकूण ३० टक्क्यांसाठी उरलेल्या रबराला ६० टक्के ताणावं लागेल. शिवाय सेन्सर शेकडो असले, कृत्रिम त्वचेत असतात तसे, तर प्रत्येकाची तार एका बेटापर्यंत न्यायची. तिथे नोंद सेन्सरजवळच ठेवणं सोपं.

तर्कसर्किटंही हळूहळू मऊ होत आहेत. स्टॅनफर्डमध्ये झेनान बाओ यांच्या गटाने २०१८ मध्ये चौरस सेंटिमीटरला ३४७ ताणणारे ट्रान्झिस्टर दाखवले, २०२४ मध्ये तोच आकडा ४२,००० वर गेला. मेमरी त्या वेगाने पुढे गेलेली नाही, म्हणून तिच्यावर काम करावंसं वाटतं.

म्हापसा_फिजिओ

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. धागा वाचता वाचताच लिहायला घेतलं.

गुडघ्याचा सांधा बदलला की पेशंट काही दिवसांत घरी जातो. मग सगळा खेळ घरच्या व्यायामावर. आठवड्याने येतो तेव्हा विचारते, “काका, पाय वाकवला का?” “हो हो, रोज.” घरची माणसंही हो म्हणतात. पाय तपासला की खरं कळतं, पण तोवर आठवडा गेलेला असतो, आणि अडकलेला सांधा सोडवताना त्याच काकांना प्रचंड दुखतं. मला आलेख नको, अ‍ॅप नको. आठवड्यात गुडघा ९० अंशांपलीकडे किती वेळा गेला, एवढा एकच आकडा हवा. झालंच तर १०० अंशांपलीकडचा दुसरा. पेशंट आला की पट्टीवर काहीतरी धरून वाचता यावं. फोन न वापरणारी म्हातारी माणसं हीच माझी बहुतेक पेशंट आहेत. त्यांच्या हातात आणखी एक यंत्र देऊन चालत नाही.

गुडघ्याच्या वाटीवर कडक काही चिकटवलं की दोन दिवसांत कड सुटते, हे मी साध्या टेपच्या बाबतीतही रोज बघते.

फर्मागुडीचा_चढ

डॉक्टर, तुमची गरज वाचून हात शिवशिवले. हिशेब करून बघितला.

समजा दिवसाला ३०० वेळा गुडघा ती मर्यादा ओलांडतो. साधा द्विमान (बायनरी) काउंटर, म्हणजे मोजणी ठेवणारं सर्किट, घेतला तर सर्वांत खालचा बिट प्रत्येक मोजणीला पालटतो. दोन मोजण्यांत त्याचं एक पूर्ण लिहिणं-पुसणं. पेशी ३,५०० वेळा टिकते असं धरलं, तर ७,००० मोजण्यांत तो बिट संपला. म्हणजे २३ दिवस. वरचे बिट तोवर जवळपास नवेच असतात. सगळी झीज एकाच जागी होते.

उपाय आपल्या जुन्या पाठ्यपुस्तकात आहे: जॉन्सन काउंटर. ८ पेशी घ्या, शेवटच्या पेशीचं उलट मूल्य पहिलीला द्या. एका वेळी एकच पेशी पालटते आणि १६ वेगवेगळ्या अवस्था मिळतात. प्रत्येक पेशीचं एक पूर्ण चक्र १६ मोजण्यांनी होतं, म्हणजे तीच ३,५०० ची पेशी ५६,००० मोजण्यांपर्यंत जाते. सहा महिने सहज. त्याच्यापुढे १२ बिटांचा साधा काउंटर जोडा, तो १६ मोजण्यांनी एकदाच पुढे सरकेल. एकूण २० पेशींत ६५,५३५ पर्यंत मोजता येतं.

म्हणजे ज्या ६४ बिटांना आपण हसतो त्यात असे तीन काउंटर मावतात. डॉक्टरांचे ९० आणि १०० अंशांचे दोन्ही आकडे ठेवून एक उरतो!

वेर्णा_शिफ्ट

सर, हिशेब सुरेख. पण जॉन्सन काउंटर चालवायला ठेका देणारं क्लॉक हवं, पेशी पालटवणारा ड्रायव्हर हवा, वीज हवी. ते सगळं कुठे बसणार? बेटावरच ना? मग मेमरीही तिथेच बसवा, हा माझा आग्रह कायम आहे.

दुसरं असं की १२ तासांची टिकवण आठवड्याच्या आकड्याला पुरत नाही. कुणीतरी मध्ये मध्ये वाचून पुन्हा लिहायला हवं, आणि तेवढ्यानेही पेशी झिजते.

झुवारीपार

टिकवणीबाबत पूर्ण मान्य. आमच्या क्षेत्रात १०,००० सेकंदांपर्यंत मोजून थांबण्याची पद्धत आहे. म्हणजे पावणेतीन तास. त्यानंतरचं आलेख पुढे ओढून सांगतात. डॉक्टरांचा आठवडा म्हणजे सहा लाख सेकंदांहून जास्त. तो मोजायचाच, असं मी आता पक्कं केलं आहे.

विजेबद्दल थोडं वेगळं सुचतं. पीव्हीडीएफ हे प्लास्टिक दाबलं-ताणलं की स्वतः व्होल्टेज देतं. गुडघा वाकण्याचीच ऊर्जा घेऊन पेशी लिहिता आली तर पट्टीत बॅटरी नको. काउंटरला ते पुरणार नाही, तिथे तुमचं बेट हवं. पण “या आठवड्यात १०० अंश एकदा तरी ओलांडले का?” असा एका बिटाचा प्रश्न असेल तर सेन्सर आणि मेमरी समोरासमोर जोडून भागेल. मी या बाजूने सुरुवात करणार आहे.

कुळागर_सत्तरी

बाय, तांत्रिक भाग सगळा कळला असं नाही म्हणणार, पण रबर म्हटल्यावर थांबलो. आमच्या बागेत पोफळी, मिरीबरोबर रबराची झाडं आहेत. पहाटे चीक काढतो, फॉर्मिक अ‍ॅसिड घालून गोठवतो, लाटून शीट वाळवतो. दर पडले की तेवढंच हातात राहतं. तुम्ही सगळे बाहेरून आणलेलं सिलिकोन रबर वापरता. आमचं गोव्याचं रबर या कामाला का चालत नाही? ताणायला त्याच्या तोडीचं काही नाही हे मी छातीठोक सांगतो.

पॉलिमरवाला_पुणे

मूळ गाव फोंड्याजवळ, नोकरी पुण्यात, काम पॉलिमरमध्येच. @कुळागर_सत्तरी दादा, तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. नैसर्गिक रबर ताणताना त्याच्या साखळ्या ओळीत येऊन स्फटिक बनतात आणि चीर पुढे सरकू देत नाहीत. पुन्हा पुन्हा ओढण्याच्या बाबतीत ते सिलिकोनच्या कितीतरी पुढे आहे.

अडचण गंधकाची. रबर पक्कं करायला गंधक घालतात. ताणणाऱ्या इलेक्ट्रोडसाठी चांदीच्या नॅनोतारा वापरायची पद्धत आहे, आणि गंधकाने चांदी काळी पडते. सिल्व्हर सल्फाइड झालं की तार गेली. शिवाय पीडीएमएस पक्कं करणारा प्लॅटिनम उत्प्रेरक गंधकाने मरतो, म्हणून लेटेक्सचे हातमोजे घालून पीडीएमएस ओतलं तर स्पर्श झालेली जागा चिकटच राहते. लेटेक्समधल्या प्रथिनांची काहींना अ‍ॅलर्जी असते, आणि ओझोनने रबराला चिरा पडतात.

पण दार बंद नाही. गंधकाऐवजी पेरॉक्साइडने पक्कं केलेलं, प्रथिनं काढलेलं रबर मधला थर म्हणून घेतलं, त्वचेला आणि चांदीला थेट लागू दिलं नाही, तर ते नक्की करून बघण्याजोगं आहे. द्रव धातूच्या बाबतीत चांदीचा प्रश्नच येत नाही.

आता मला ज्या गोष्टीची सर्वांत जास्त काळजी वाटते ती: दमट हवा. सिलिकोन रबर पाणी आत झिरपू देत नाही, पण पाण्याची वाफ त्यातून सहज आरपार जाते. गोव्यात पावसाळ्यात आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास असते. वर घाम, म्हणजे मीठ. ओलावा आणि व्होल्टेज एकत्र आले की चांदीचे आयन एका तारेतून निघून शेजारच्या तारेपर्यंत फांद्या काढत जातात. गंमत नाही, मेमरीत वाहक धागा मुद्दाम बनवायला आपण चांदीचा जो गुण वापरतो, तोच इथे नको त्या जागी धागा बनवतो. बर्फाळ देशातल्या कोरड्या प्रयोगशाळेत छान चालणारी पेशी पणजीत किती टिकेल, हे पणजीतच मोजावं लागेल.

वाफ अडवायला ब्युटाइल रबर सिलिकोनपेक्षा कितीतरी सरस. त्यातून हवाही सहजी निसटत नाही, म्हणून टायरच्या ट्यूब त्याच्या करतात.

म्हापसा_फिजिओ

ब्युटाइलने सगळा गुडघा झाकू नका हं! खाली घाम साचला की त्वचा पांढरी पडून सोलवटते. ऑपरेशनच्या टाक्यांजवळ तर अजिबात चालणार नाही. जेवढी मेमरी तेवढंच झाका, बाकी पट्टीला भोकं ठेवा.

मांडवी_फेरी

वाचतोय, खूप शिकायला मिळतंय. एक अवांतर: श्वासाने छातीवरची पट्टी दिवसात किती वेळा ताणली जाईल याचा हिशेब केला. मिनिटाला १५ श्वास, दिवसाला २१,६००. आमचे आजोबा अजपा जपाचा हाच आकडा सांगायचे! मग ‘हजार वेळा ताणून पाहिलं’ असं शोधनिबंधात लिहितात ते छातीवरच्या पट्टीला तास-सव्वा तासाचंच झालं ना?

झुवारीपार

@मांडवी_फेरी, हो, सुमारे सदुसष्ट मिनिटांचं. तुमचा आकडा मी जशाचा तसा वापरणार आहे.

सगळ्यांचं वाचून चाचणीचा आराखडा बदलला, तो इथे ठेवते. ताण ३० टक्के. ताणलेल्या अवस्थेतच लिहायचं, आणि सैल सोडून वाचायचं. मग सैल असताना लिहायचं आणि ताणून वाचायचं. बरेचदा लिहिणं-वाचणं दोन्ही एकाच अवस्थेत करून दाखवतात, पण गुडघा आपल्या सोयीने थांबत नाही. तापमान ३५ अंश, कारण त्वचा साधारण तेवढी असते. आर्द्रता ९० टक्के. कृत्रिम घाम लावलेले नमुने वेगळे. टिकवण पूर्ण आठवडा. दोनच पातळ्या, सरांनी सांगितल्याप्रमाणे. झाकण फक्त पेशीवर, आणि दादांच्या रबराचा एक नमुना पेरॉक्साइड वाटेने. दादा, गंधक न लागलेलं शीट थोडं मिळेल का?

कुळागर_सत्तरी

शीट कशाला, ताजा चीकच देतो. अमोनिया घालून ठेवला तर टिकतो. वाळपईला आलात की घरी या.

वेर्णा_शिफ्ट

आराखडा चांगला आहे. दोन सूचना. आमच्याकडे ८५ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेची चाचणी रूढ आहे, ती इथे वापरू नका. ८५ अंशाला गोंद आणि जेली आधी मरतील आणि मेमरीबद्दल काहीच कळणार नाही. दुसरं, चाचणीभर पेशींना वाचनाचं व्होल्टेज मधूनमधून देत राहा, नाहीतर चांदीच्या फांद्या वाढणारच नाहीत आणि निकाल खोटा चांगला येईल. त्याच कपाटात न ताणलेला एक संच शेजारी ठेवा, म्हणजे ओलाव्याचा परिणाम कुठला आणि ओढण्याचा कुठला ते वेगळं करता येईल. आणि माझ्या बाजूने एक मागणी: बेटावर बसवलेली साधी बाजारातली चिपही त्याच यंत्रावर, तेवढीच ओढून तपासा. बेटाची कड आधी सुटते की तुमची मऊ पेशी आधी विसरते, ते मला खरंच बघायचं आहे.

ओढणाऱ्या यंत्राचे चिमटे नमुन्याच्या टोकाला रबर कापतात, तिथे गोल कडेच्या पट्ट्या लागतील. नमुना केवढा आहे कळवा, ड्रॉइंग करून पाठवतो.

झुवारीपार

बेटाची चिप नक्की घेते, तीही आराखड्यात घातली. नमुना ५ सेंटिमीटर लांब, २ रुंद, जाडी अर्धा मिलिमीटर. पेशी मधल्या १ सेंटिमीटरमध्ये, तारा दोन्ही बाजूंनी बाहेर येतात. चिमट्यांना दोन्ही टोकांना दीड-दीड सेंटिमीटर जागा आहे.